गड्ड्याच्या आठवड्यात सोलापूर (सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, जानेवारी २०२४)

गुरुवार

कुर्डुवाडी गेलं की सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये चपला शोधायची घाई सुरू होते. गाडी मात्र त्यानंतरही तासभर आपल्याच चालीनं चालते. समोरचे काका मोहोळपासून सामान मांडीवर घेऊन बसले होते आणि घरच्यांना फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होते, "येलालो की बे, येलालो."

स्टेशनवरून साखर पेठेत यायला रिक्षावाल्यानं भलताच वळसा घातला. जागोजागी डांबर पडत होतं. पुढच्या शुक्रवारी, १९ तारखेला, पंतप्रधान सोलापूरजवळच्या कुंभारीला रे नगर या कामगार वसाहतीतल्या घरांच्या चाव्या द्यायला येणार आहेत. रिक्षावाला म्हणाला, "दर महिन्याला कुणीतरी यायला पायजे बघा."

मी फिनलंडमधल्या युवास्क्युला गावी शिक्षणशास्त्र शिकवते. फिनिश भाषेतून शिक्षक घडवणारं देशातलं पहिलं विद्यालय १८६३ मध्ये तिथंच निघालं आणि पुढं त्याचंच विद्यापीठ झालं. निघाले तेव्हा थंडी उणे पंचवीसला टेकली होती आणि दुपारी तीनला दिवे लागत होते. इकडं आई स्वेटर घालून दारात उभी. "कडाक्याची थंडी पडलीय गं यंदा," म्हणाली. अठरा अंश असावेत.

आई महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. माझ्या नोकरीतलं तिला सगळ्यात न पटणारं काय, तर रजा. तिथल्या प्राध्यापक मंडळींना वर्षाचे १,६१२ तास काम असतं. कुठल्या कामाला किती तास, हे वर्षाच्या सुरुवातीला आपणच कागदावर मांडायचं आणि त्यातूनच मोकळे आठवडे काढायचे. रजा म्हणून वेगळी काही मोजत नाहीत.

"म्हणजे सीएल नाही?"

"नाही."

"आणि ईएल? साठवता येत नाही?"

"नाही गं."

"मग कसली सरकारी नोकरी ती," असं म्हणून ती चहा टाकायला गेली. ती सरकारी नाही, आणि कायमची तर मुळीच नाही. प्रकल्प आहे तोवर मी आहे. प्रकल्प संपत आला की पुढच्या अनुदानाचा अर्ज, आणि तो मंजूर होईपर्यंत घरमालकाशी गोड बोलणं. हे मी आईला सांगत नाही. शेजारपाजारी तिनं 'फिनलंडला कायम झाली' असं सांगून ठेवलंय.

शुक्रवार

आईच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या एक बाई आता पूर्व भागातल्या शाळेत चौथीला शिकवतात. "सकाळी अकराला या ताई, पण आज जयंती आहे," असं त्यांनी बजावलं होतं. १२ जानेवारी म्हणजे जिजाऊ आणि विवेकानंद दोघांचीही जयंती. दोन तसबिरी, दोन हार. पाच मुलींची भाषणं झाली, पाचही एकाच पुस्तकातून पाठ केलेली. तिसरी मुलगी मध्येच अडली तेव्हा समोर बसलेल्या पोरांनीच पुढचं वाक्य पुरवलं.

पूर्व भाग म्हणजे यंत्रमागवाल्यांचा आणि विडी कामगारांचा सोलापूर. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तो वसवला. घरात तेलुगू, बाजारात मराठी, वाण्याकडं कन्नड, गल्लीत क्रिकेट खेळताना दखनी. महापालिकेच्या मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा आहेत. पण आता बऱ्याच आईबापांना मराठी नाहीतर इंग्रजीच हवं असतं. त्यामुळं मराठी माध्यमाच्या या वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं मोजकीच निघाली. पटावर सेहेचाळीस. शिक्षणहक्क कायदा प्राथमिकला तिसांमागं एक शिक्षक म्हणतो.

बाईंनी फळ्यावर २५ गुणिले ८ मांडलं. खिडकीजवळच्या मुलीनं वहीत आकडे एकाखाली एक लिहिले, रेघ ओढली आणि पेन्सिलीचं टोक चावत बसली. बाई तिच्यापाशी गेल्या, वही मिटली. विड्यांचा एक कट्टा पंचवीसांचा असतो.

"आईनं आठ कट्टे बांधले. विड्या किती?"

"दोनशे."

"आणि हजार द्यायच्या असतील तर कट्टे किती?"

"चाळीस." मग जरा थांबून, "पण बेचाळीस न्यायला लागतात."

"का गं?"

"छाटात जातात की."

छाट म्हणजे कारखान्यात तपासणारा ज्या विड्या वाईट म्हणून बाजूला काढतो त्या. त्यांची मजुरी मिळत नाही. चौथीतल्या मुलीला पंचवीसचा पाढा तर येतोच, शिवाय किती माल वाया जाणार याचा अंदाज धरून हिशोब करता येतो. वही उघडली की तीच मुलगी 'अप्रगत'.

बाईंनी वही पुन्हा उघडली आणि २५ च्या शेजारी छोटा कट्टा काढला: उभ्या रेघा, मध्ये दोरा. मुलीनं खाली २०० लिहिलं. मागच्या बाकावरच्या मुलाला तेच उदाहरण तेलुगूतून, त्याच्या शेजारच्याला दखनीतून. मध्येच एकीवर कन्नडमधून ओरडल्या, कारण ती त्यांच्याच गल्लीतली. बाईंची घरची भाषा कन्नड. तेलुगू कुठं शिकलात, असं विचारलं तर म्हणाल्या, "भाड्यानं राहायचो तिथं. पाणी भरायला नळावर उभं राहून राहून आली."

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये छापून आला. गाडीवर नारळ विकताना मुलांचे ९८ टक्के हिशोब बरोबर आले. तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा ३७ टक्के. मी हा अभ्यास दरवर्षी पहिल्या सत्रात शिकवते, आणि फिनिश विद्यार्थी दरवर्षी तेवढेच चकित होतात. बाईंनी तो वाचलेला नाही. वाचला असता तरी त्यांनी काही वेगळं केलं असतं असं मला वाटत नाही.

माझा प्रकल्प याच विषयावर आहे: अनेक भाषांची मुलं एका वर्गात असली तर शिक्षकानं काय करावं. युवास्क्युलाच्या शाळांत अरबी, सोमाली, रशियन आणि आता युक्रेनियन बोलणारी मुलं येतात. नवीन आलेल्यांना साधारण वर्षभर तयारीचा वेगळा वर्ग असतो. स्वतःच्या भाषेचे आठवड्याला दोन तास मिळतात, पण त्या भाषेची किमान चार मुलं जमली तरच त्याला सरकारी पैसा मिळतो. नियम चांगला आहे, तास वेळापत्रकात छापलेले असतात. मात्र मी ज्या शाळेत जाते तिथल्या एका अरबी मुलाशी त्या दोन तासांबाहेर त्याच्या भाषेत बोलायला अख्ख्या इमारतीत कुणी नाही. शिक्षिका मनापासून धडपडते, भिंतीवर दहा भाषांत 'सुप्रभात' लावते. तो मुलगा त्या कागदाखाली गप्प बसलेला असतो. इकडं वेळापत्रकात तेलुगूचा तास नाही आणि बाईंच्या टाचणवहीत यातलं अवाक्षर नाही. "लिहू कसं? माध्यम मराठी आहे. तपासायला आलेले विचारतील ना."

दुपारी खिचडी. पोरांबरोबर मीही ताट घेतलं. फिनलंडात १९४८ पासून शाळेतल्या प्रत्येक मुलाला गरम जेवण फुकट मिळतं, याचं कौतुक मी जगभर ऐकते. आपल्या खिचडीचं कौतुक करताना लोकांची जीभ का अडखळते, कोण जाणे. मीठ कमी होतं, एवढंच.

संध्याकाळी 'चार हुतात्मा' चौकात गर्दी होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात या चौघांना फाशी दिली. पुतळ्यांच्या गळ्यात झेंडूचे इतके हार होते की चेहरे शोधावे लागत होते.

शनिवार

तैलाभिषेक. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली अशी श्रद्धा आहे. आज नंदीध्वज त्या सगळ्यांच्या भेटीला निघतात. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं आणि पुढं हलग्या. एवढा उंच ध्वज कमरेच्या पट्ट्यात तोलून धरणाऱ्याच्या मानेच्या शिरा जवळून पाहिल्या की आपण श्वास धरून असतो. भाचीनं खांद्यावर बसून ओरडून घेतलं, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!"

आमच्या गल्लीतून मिरवणूक गेली तेव्हा वहिनी मात्र घरातच. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी नेमकं तेव्हाच आलं होतं. उजनीतलं पाणी यंदा फार खाली गेलंय, पाऊस नाही, त्यामुळं कुणी थेंब सोडायला तयार नाही. मी देवदर्शन करून आले तोवर तिनं टाकी, पिंप, घागरी, कुकर, अगदी इडलीपात्रसुद्धा भरून ठेवलं होतं.

रविवार

सकाळपासून भोगीची तयारी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वांगं, गाजर, हरभरा, पावट्याची मिसळ भाजी, लोणी. शिवाय डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कायमचीच. मी युवास्क्युलात अकरा वाजता जेवते. तिथं सगळेच जेवतात, बारा वाजता गेलं तर सूप संपलेलं असतं. इथं अडीचला पहिलं ताट वाढलं.

अक्षता सोहळा सम्मती कट्ट्यापाशी. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येची गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. ते योगी, लग्न कसं करणार? म्हणून आपल्या योगदंडाशी तिला लग्न लावायला सांगितलं. तेच लग्न दरवर्षी, लाखभर वऱ्हाडी. ज्यांचं लग्न ते स्वतः बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंच्या काळातले. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि या लग्नात मंगलाष्टकांसारखी म्हणायची सम्मतीही कन्नडमधूनच वाचतात.

माझ्या शेजारी माढ्याकडचं एक शेतकरी जोडपं होतं. बाईंनी पदरात अक्षता बांधून आणल्या होत्या. कन्नडचा गंध नाही, पण 'सत्यम सत्यम' आलं की हात बरोबर वर. मी विचारलं, "मावशी, काय वाचतात कळतं का?" त्या म्हणाल्या, "लग्नातलं मंगलाष्टक तरी कुठं कळतंय बाई?" पलीकडं टोपी घातलेला एक मुलगा फुगे विकत होता, तोही अक्षता पडताना फुग्यांची काठी खाली करून उभा राहिला. गर्दीत माझी एक चप्पल गेली. दुसरी तिथंच सोडून अनवाणी होम मैदानावर गेले आणि गड्ड्यात दीडशे रुपयांना नवी घेतली. पाळणे, मौत का कुआँ, बंदुकीनं फोडायचे फुगे, आणि लाउडस्पीकरवर हरवलेल्या मुलांची नावं. ती नावंसुद्धा तीन भाषांत पुकारत होते.

सोमवार

आज होम, पण मी गेले नाही. दादाच्या एका शिक्षक मित्रानं मंगळवेढ्याच्या वाटेवर शेतात हुरड्याला बोलावलं होतं. तो माझ्या आयुष्यातला यापेक्षा मोठा धर्म आहे.

आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की बाहेर काढून तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि पुढच्याच्या हातावर ओतायचं. गूळभेंडीचा हुरडा, दाणा अजून दुधाळ. सोबत चटणी, गूळ, गोडीशेव, दही. यंदा पावसानं दगा दिल्यामुळं ज्वारी अर्ध्या शेतातच आली होती. मालक म्हणाले, "विकायला पुरणार नाही, म्हणून खाऊन टाकू म्हटलं."

जमलेले बहुतेक जिल्हा परिषदेचे शिक्षक. दुसऱ्या कणसाला फिनलंड निघालंच.

"तिकडं गृहपाठ नसतो म्हणे."

"असतो. थोडा."

"परीक्षा?"

"वर्गात शिक्षक घेतात की. सगळ्या देशाची म्हणून एकच, बारावीसारखी, शेवटी."

"आणि तपासणी?"

"शाळा तपासनीस नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद केले." इथं आगटीभोवती एकदम शांतता पसरली. मग कुणीतरी म्हणालं, "व्हिसा कसा काढायचा बोला."

सातव्या वर्षी शाळा, हे सांगितल्यावर पंढरपूरकडचे एक गुरुजी हसले. "सातव्या वर्षी? तोवर आमचं पोरगं दोन खाजगी शाळा सोडून आलेलं असतं."

मला तिथं बसून त्यांचा स्वप्नभंग करायचा नव्हता, पण गेल्याच महिन्यात पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीचे नवे निकाल आले आहेत. २००६ साली फिनलंडचे गणितातले सरासरी गुण ५४८ होते, २०२२ च्या चाचणीत ४८४. ज्या देशाकडं सगळे शिकायला येतात तो देश दीड दशक खाली घसरतोय, आणि का, यावर आमच्या विभागात चहाच्या वेळी भांडणं होतात. कुणी मोबाइलवर खापर फोडतं, कुणी निधीकपातीवर, कुणी म्हणतं मुलगे पुस्तकच वाचत नाहीत. आपल्याकडून तिकडं अभ्यासदौरे येतात तेव्हा मात्र हे कुणी विचारत नाही. लाकडी फरशीचे, रंगीत उशांचे वर्ग दाखवले जातात, फोटो निघतात. मी दोनदा अशा पाहुण्यांबरोबर दुभाषी म्हणून हिंडले. उशांची किंमत विचारली गेली, शिक्षकाचा पगार नाही.

खरं तर नक्कल करण्यासारखी एकच गोष्ट तिथं आहे आणि ती फुकट मिळत नाही. १९७९ पासून पहिलीला शिकवायलासुद्धा पदव्युत्तर पदवी लागते. त्यासाठी प्रवेशपरीक्षा, तिथंही बहुतेकांना नकार येतो. एकदा शिक्षक झाला की कसं शिकवायचं ते त्याचं तो ठरवतो. आपल्याकडं टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता चाचणी, मग भरतीच्या पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसायचं, आणि लागलीच नोकरी तर तीन वर्षं मानधनावरचा शिक्षणसेवक. २०२३ मध्ये वाढवून प्राथमिकला महिना १६,००० केले, तोवर ६,००० होते. निवडणुकीची यादी, यू-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, लिंक न उघडणारी प्रशिक्षणं. त्यातून उरलेल्या वेळात शिकवायचं. मी हे सगळं जोरात बोलत होते, तर यजमान शांतपणे म्हणाले, "ताई, कणीस करपलालंय."

मंगळवार

शेजारच्या मावशी विड्या वळतात. मांडीवर सूप, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू पेरायची, गुंडाळी, दोरा, टोक मुडपलं की झाली. माझ्याशी बोलताना एकदाही हाताकडं पाहिलं नाही. त्यांच्या बहिणीला रे नगरात घर लागलंय. असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत, त्यातली पंधरा हजार या शुक्रवारी देणार. बहीण खूश आहे आणि काळजीतही. कारखाना इकडं, घर तिकडं कुंभारीला. विड्यांची पाटी घेऊन रोज रिक्षा परवडायची कशी? "आणि पोरांची शाळा?" मी विचारलं. "ते बघू मग," मावशी म्हणाल्या. आधी छत, मग शाळा, हा क्रम मला माहीत आहे. मात्र तिथं शाळा कुठल्या माध्यमाची निघेल, हे आत्ताच कुणीतरी ठरवत बसलेलं असेल.

नव्या पेठेत चादर घेतली. मोराच्या नक्षीची, जेकार्डवरची, दोन्ही बाजूंनी वापरायची. युवास्क्युलातल्या घरात ती सोफ्यावर पसरते आणि फिनिश पाहुणे तिच्यावर बसायला कचरतात. दुकानदारानं आधी हलकी दाखवली. "परदेशात नेणार ना, वजन कमी पायजे." मी जडच घेतली.

दुपारी प्रकल्पातल्या लोकांशी व्हिडिओवर बैठक. मी विड्यांच्या कट्ट्याची गोष्ट सांगितली, छाटासकट. प्रकल्पप्रमुख बाईंनी दोनदा थांबवून लिहून घेतलं. मग विचारलं, या शिक्षिका आमच्या विद्यार्थ्यांशी ऑनलाइन बोलतील का? भावी शिक्षकांचा वर्ग आहे, फेब्रुवारीत, सकाळी दहाचा. मुलांची माहिती नको, बाईंनी फक्त आपली पद्धत सांगायची. पाहुण्या व्याख्यात्याचं मानधनही मिळेल.

बाईंना लगेच फोन लावला. त्यांना आधी वाटलं तपासणीचंच काहीतरी आहे. "लेखी काही द्यावं लागेल का ताई?"

"नाही. नुसतं बोलायचं. मराठीतून बोला, मी फिनिश करून सांगते."

"मग तेलुगूतलं?"

"ते तसंच म्हणून दाखवा."

"पोरांना कळेल?"

"शिक्षक होणारी पोरं आहेत. थोडं न कळलेलं बरंच."

त्या हसल्या. तिकडचे दहा म्हणजे आपल्याकडं दीड. "दीडला खिचडी वाढायची असते, जमायचं नाही. शाळा पाचला सुटते. साडेपाचला बसते मी, तुमच्या लोकांना तेव्हाची वेळ घ्यायला सांगा. आणि ताई, त्या दिवशी पाणी आलं तर अर्धा तास पुढं."